सुवैलमचा गोंडा

अरबी वाळवंटाकाठच्या बिदियाच्या बाजारात, टायरवाल्याच्या पलीकडे आणि खजुराच्या वखारीच्या अलीकडे, सुवैलम बिन खमीसचं दुकान आहे. ते शोधायला पाटी लागत नाही. आतून थोड्या थोड्या वेळानं 'टक्' असा आवाज येत असतो. पकडीत पॉप रिव्हेटचा खिळा खेचला जातो, पत्र्यामागे रिव्हेट फुगून घट्ट बसतो आणि खिळ्याची शेपटी तुटते, तो हा आवाज. शेजारचे दुकानदार त्यावरून मालकाचा नूर ओळखत. टक्-टक् सलग येऊ लागलं की स्वारी खुशीत आहे, नव्या स्वाराचं अंग उभं राहतंय. मध्येच लांब शांतता पसरली की गोंद कालवणं चाललंय, आता हाक मारायला जाऊ नये.

त्या हिवाळ्यात मात्र तेवीस दिवस दुकानातून एकदाही टक् ऐकू आलं नाही.

सुवैलम स्वार बनवतो. शर्यतीत सांडणीच्या पाठीवर बसतो तो यंत्राचा स्वार. हातभर उंची, वजन अडीच किलोच्या आत. अंग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, पोटात ड्रिलची मोटर, मोटरला जोडलेला चाबूक आणि छातीत वायरलेसचा भोंगा. मालक धावपट्टीच्या कडेकडेनं गाडी पळवत राहतो. त्यानं बटण दाबलं की चाबूक गरकन फिरतो, आणि तो बोलला की त्याचा आवाज थेट सांडणीच्या पाठीवरून तिच्या कानात शिरतो. सगळं जोडून झालं की सुवैलमची बायको रय्या स्वाराला आपण शिवलेलं रेशमी जाकीट चढवते, टोपी घालते, गळ्याचं बटण लावते. त्या बटणासरशी पत्र्याचा डबा नाहीसा होतो आणि समोर एक रुबाबदार गडी उभा राहतो, आता पडदा वर जाणार आणि पहिली टाळी आपलीच, अशा थाटात. प्रत्येकाला निरोप देताना रय्या त्याच्या टोपीवर टिचकी मारायची आणि बजावायची, पडू नकोस रे बाबा, माझी शिलाई फुकट जाईल.

तेवीस दिवसांपूर्वी त्यांतला एक पडला.

तो हुमैद बिन सैफच्या सांडणीवर होता. हुमैद म्हणजे गावातला जुना, मातबर सांडणीवाला, आणि अत्तराचा शौकीन. मुलाच्या नावावरून लोक त्याला अबू सैफ म्हणत. ऊदाच्या तेलात केशर मुरवून तो स्वतःचं अत्तर स्वतः बनवायचा. त्याच्या नाकाची ख्याती अशी की वळणावरून येणारा माणूस दिसायच्या आधी हा त्याचं नाव सांगायचा. आपल्या लाडक्या सांडणीला त्यानं जाफराना हे केशराचंच नाव दिलं होतं. हंगामाच्या पहिल्या शर्यतीत, अर्ध्या वाटेवर, जाफरानाच्या पाठीवरच्या स्वाराचं धड तळपट्टीपासून सुटलं. तळपट्टी खोगिराला बांधलेली होती, ती तिथेच राहिली. धड वायरच्या आधारानं एका अंगाला लोंबकळलं आणि चाबूक फिरतच राहिला, सांडणीच्या मागच्या पायांवर. ती बुजली, कठड्यावर आदळली आणि तिचा पुढचा पाय मोडला. सांडणीचा पाय मोडला की पुढे काय करावं लागतं ते तिथं जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हुमैदनं ते स्वतःच्या हातानं केलं.

तो ओरडला नाही. भरपाई मागितली नाही. मोडका स्वार गोणीत घालून दुकानात पाठवून दिला, बस. पुढे एकदा बैठकीत कुणी विषय काढला तेव्हा तो कॉफीची वाटी खाली ठेवत एवढंच म्हणाला, "वजन वाचव म्हणालो होतो मी त्याला. गोंद वाचव नव्हतो म्हणालो."

बैठकीतलं वाक्य बाजारात यायला रात्र मध्ये जावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी चौघांनी आपापली कामं परत नेली.

सुवैलमनं गोंद वाचवला नव्हता. वाचवणाऱ्यांतला तो नव्हताच. विशीत असताना तो इब्रामध्ये एअरकंडिशनच्या हवेच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता. आठ वर्षं त्यानं पत्रा वाकवला आणि रिव्हेट मारले, इतके की डोळे मिटून भोक कडेपासून किती आत पाडायचं ते त्याची बोटं सांगायची. पण तिथं गोंदाशी गाठ पडली नाही. हवेच्या नळीला कोण चाबूक मारतो, कोण तिला घेऊन पळतं? गोंद त्याला भेटला सूरच्या किनाऱ्यावर, जुमा नावाच्या म्हाताऱ्याकडे. जुमा फुटक्या फायबरच्या होड्या सांधायचा. दोन नळ्यांतला इपॉक्सी गोंद फरशीच्या तुकड्यावर सारखा-सारखा पिळायचा आणि काडीनं इतका वेळ घोटायचा की बघणाऱ्याला झोप यावी. हा म्हातारा तोंडानं फार फटकळ. सुवैलमनं एकदा विचारलं, रिव्हेट आहेत तर गोंद कशाला, आणि गोंद आहे तर रिव्हेट कशाला. जुमा म्हणाला, "गोंद म्हणजे नवरा-बायको आणि रिव्हेट म्हणजे लग्नाला आलेले पाहुणे. दोघांची ओळख पटेपर्यंत धरून बसवायला ते लागतात. पण सगळा संसार पाहुण्यांच्या भरवशावर करशील तर वर्षात भांडी बाहेर येतील."

सुवैलमला ते पुरतं पटलं. नुसते रिव्हेट असले तर धक्क्यांनी भोकं लांबट होत जातात आणि सांधा खुळखुळतो. नुसता गोंद असला तर एका कडेनं उलत जातो. दोन्ही मिळून बसले की पत्रा फाटेल पण सांधा हलायचा नाही. मात्र जुमाची एक अट होती. पत्रा घासून, थिनरनं पुसून घेतला की त्याला घाणेरडा हात लागता कामा नये. तो कामगारांचे हात हुंगून बघायचा. मासा खाऊन आलास? जा, धुऊन ये. डिझेल लागलंय? आज तुला सुट्टी. सुवैलमनं ही अट सोळा वर्षं देवाच्या आज्ञेसारखी पाळली. म्हणून तर जाफरानाचा सांधा सुटला कसा, हे त्याला कळत नव्हतं. आणि कळत नव्हतं म्हणून तो नवं काम हातात घेत नव्हता. हुमैदनं पाठवलेली गोणी कोपऱ्यात पडून होती. तिची गाठ सोडायची हिंमत त्याला होत नव्हती.

चोविसाव्या दिवशी सकाळी दारात एक धुळीनं माखलेला पिकअप येऊन थांबला आणि त्यातून उम्म गानिम उतरली.

ही बाई हुमैदची सख्खी आत्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, चेहऱ्यावर वाळवंटातल्या बायका लावतात तो कडक मुखवटा, गाडी स्वतः चालवणारी. वाळूच्या टेकड्यांपलीकडे तिची वस्ती होती आणि तिथं तिनं समहा नावाची सांडणी पिल्लापासून हातावर वाढवली होती. समहा वाऱ्यासारखी पळायची, पण फक्त म्हातारीच्या आवाजावर. दुसरं कुणी वायरलेसवर बोललं की ती चक्क थांबून वळून बघायची. बाजारात तयार मिळणारा स्वार म्हातारीनं आणून पाहिला होता. त्याच्या भोंग्यातून तिचा आवाज बदकासारखा यायचा आणि समहा थांबायची. सुवैलमच्या स्वाराची छाती पातळ पत्र्याची, तिला बारीक भोकं. त्यातून आवाज माणसाचा वाटायचा. म्हातारीच्या जुन्या स्वाराची मोटर जळाली होती आणि शर्यत नऊ दिवसांवर आली होती.

"किती दिवस दुखवटा करणार आहेस?" ती आत येता येता म्हणाली. "सांडणी गेली माझ्या भाच्याची, आणि डोळ्यांना पदर लावून बसलायस तू."

सुवैलमनं तिला बसायला खुर्ची दिली, खजूर पुढे ठेवले आणि सरळ सांगून टाकलं, "मावशी, माझ्याकडून बनवून घेऊ नका. काय चुकलं तेच मला माहीत नाही. माहीत नसताना दुसरा बनवू आणि समहाच्या पायांशी खेळू?"

म्हातारीनं खजुराची बी तळहातात काढून घेतली. कोपऱ्यातल्या गोणीकडे बोट केलं. "ती सोडून बघितलीस?"

सुवैलमनं खजुराची ताटली तिच्याकडे सरकवली.

"म्हणजे वैद्याला मढ्याची भीती," ती म्हणाली. "ऐक. मी परवा परत येणार. तोवर त्याचं पोट फाडून बघ. कारण सापडलं तर माझा स्वार बनव. नाही सापडलं तर दुकानाची किल्ली टायरवाल्याला दे आणि घरी जाऊन बकऱ्या राख. पण हे असं मधल्यामध्ये बसू नकोस, बघवत नाही."

ती गेल्यावर सुवैलमनं गोणी सोडली.

जाकीट फाटलेलं होतं, टोपी हरवलेली. त्यानं जाकीट काढून बाजूला घडी घातलं आणि सांधा उजेडात धरला. सहा रिव्हेटांची भोकं लांबट होऊन फाटली होती, ते अपेक्षितच होतं. एकदा गोंद सुटला की सहा रिव्हेट किती वेळ तग धरणार? प्रश्न होता गोंदाचा. गोंद भरपूर होता, कडेपर्यंत, एकसारखा. पण सगळाच्या सगळा तळपट्टीवर राहिला होता. धडाच्या पत्र्याची बाजू आरशासारखी लख्ख होती, जणू तिला गोंद कधी शिवलाच नव्हता. चांगला सांधा तोडला तर गोंद दोन्हीकडे अर्धा-अर्धा फाटतो. इथं तो सोललेल्या सालीसारखा निघाला होता. सुवैलमनं तो पिवळट थर तिरका धरून पाहिला. त्यावर चार बोटांचे ठसे होते, रेघांसकट. गोंद ओला असताना समोरच्या पत्र्यावर जे होतं त्याची त्यानं इमानेइतबारे नक्कल केली होती. त्या चार बोटांत तर्जनीवर आडवी खूण होती. सुवैलमच्या तर्जनीवर तशीच जखमेची आडवी खूण आहे, इब्रातली.

त्यानं नाक जवळ नेलं. महिना होत आला होता, पण गोंदाच्या पोटात वास शाबूत होता. ऊद, आणि ऊदामागून येणारं केशर.

मग त्याला तो दिवस आठवला. पत्रे पुसून, जोडायला तयार ठेवले होते. तेवढ्यात हुमैद आला होता, थर्मासमध्ये कॉफी आणि डब्यात हलवा घेऊन, आपल्या जाफरानाचा स्वार कसा होतोय ते बघायला. सुवैलमनं हात साबणानं स्वच्छ धुतले, मग दोघे तासभर बसले. उठताना हुमैदनं खिशातून कुपी काढली, सुवैलमचा उजवा हात आपल्या हातात घेतला, तळव्यावर आणि बोटांवर अत्तर चोळलं आणि म्हणाला होता, देव या हाताला बरकत देवो. तो गेला. पत्रे पुसलेले होतेच. सुवैलमनं गोंद घोटला आणि त्याच सुगंधी हातानं धड उचललं.

ग्रीस लागलं असतं तर त्यानं धुतलं असतं. मासा, डिझेल, घाम, सगळं जुमानं सांगून ठेवलं होतं. पण अत्तर हा मळ आहे असं त्यांच्याकडे कुणाच्या स्वप्नात येत नाही. जेवून, हात धुऊन, धुरी घेऊन शेवटी अत्तर लावतात, तेव्हाच हात खरा स्वच्छ झाला असं ते मानतात.

तरी त्यानं खात्री करून घेतली. रय्याकडून तिची गुलाबाच्या अत्तराची कुपी मागून आणली, हाताला ते तेलकट अत्तर लावलं, तीनदा साबणानं धुतलं, वर थिनरनं पुसलं आणि दोन पट्ट्या हाताळून चिकटवल्या. शेजारी न हाताळता दोन चिकटवल्या. सगळ्या दिवसभर गाडीच्या बॉनेटवर उन्हात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी न हाताळलेल्या पट्ट्या पान्ह्यानं पिळल्या तरी सुटल्या नाहीत. हाताळलेल्या दोन नखानं निघाल्या. तेल कातडीच्या रेघांत बसतं, तीन धुण्यांनीही जात नाही. हातमोजे घालायचा विचार त्याच्या मनात आला आणि गेला. मोजा घातला की भोकाची कड बोटाला कळत नाही, आणि कड कळली नाही तर रिव्हेट तिरका बसतो.

रय्या पट्ट्यांकडे बघत उभी होती. तिच्या डोळ्यांत महिन्याभरात पहिल्यांदा चमक आली. ती म्हणाली की आत्ता उठ, ते ठसे घेऊन बैठकीत जा, सगळ्यांच्या नाकाला लाव. हुमैदचं अत्तर काय कुणाला ओळखवून द्यावं लागतंय? गोंद वाचवला म्हणाला ना तो चारचौघांत, मग आता चारचौघांतच ऐकू दे त्याला.

सुवैलमनं पट्ट्या बाकावर ओळीनं मांडल्या. मग म्हणाला, "जाऊन काय सांगू? की तू मायेनं माझ्या हाताला अत्तर लावलंस, म्हणून तुझी जाफराना मेली?"

"खरं आहे ते."

"खरं आहे. पण सुरी त्यानं स्वतःच्या हातानं चालवलीय, रय्या. आता आणखी हे त्याच्या पदरात घालू? पत्रा सांभाळायचं काम माझं होतं. त्याचं नव्हतं."

"आणि तुझं नाव?"

त्यानं मोडका स्वार परत गोणीत घातला आणि गोणी बाकाखाली सरकवली. रय्या दोन दिवस त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. भाकरी मात्र गरमच वाढत होती.

उम्म गानिम ठरल्याप्रमाणे आली. सुवैलम म्हणाला की कारण सापडलं, स्वार बनवतो. काय कारण, असं तिनं विचारलं. "माझा हात स्वच्छ नव्हता, मावशी. तसाच पत्र्याला लावला. चूक माझी." म्हातारीनं मुखवट्यामागून त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण तिला शर्यतीची घाई होती.

तिनं हे भाच्याला सांगितलं आणि भाच्याकडून ते बैठकीत गेलं. आता तर लोकांना पुरावाच मिळाला. बघा, शेवटी कबूल केलं, असं टायरवाल्यानं सुद्धा गिऱ्हाइकाला ऐकवलं. दोन महिन्यांपूर्वी ज्यानं स्वार नेला होता त्यानंही तो आणून परत केला. सुवैलमला कळत होतं की आता एकच गोष्ट उरली आहे. समहाचा स्वार टिकला तर कदाचित लोक पुन्हा येतील. नाही टिकला तर किल्ली टायरवाल्याकडे.

शर्यतीला चार दिवस राहिले असताना सांधा जोडायचा दिवस आला. थंडीत गोंद आळशी होतो, म्हणून सकाळीच चिकटवून पूर्ण दोन दिवसांचं ऊन द्यायचं असं त्यानं ठरवलं होतं. भोकं पाडून झाली, त्यांच्या काठांची खरखर काढून झाली, पत्रे घासले, पुसले, स्वच्छ कापडावर मांडले. या खेपेला त्यानं सहाऐवजी आठ रिव्हेट धरले होते. वजन दोन ग्रॅमनं वाढलं तर वाढलं. त्यानं नळ्या पिळल्या आणि गोंद घोटायला लागला.

दारात सावली पडली. हुमैद उभा होता. हातात थर्मास.

त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच दुकानात येत होता. आत्यानं पाठवलं असेल किंवा स्वतःहून आला असेल, सुवैलमनं कधी विचारलं नाही. त्यानं काडी गोंदातच सोडली, मनगट पुढे केलं, हात कामात आहेत म्हणाला. हुमैदनं मनगट धरलं. दोघांनी एकमेकांच्या घरच्यांची विचारपूस केली, पावसाची केली, खजुराची केली. जाफरानाचं नाव कुणीही घेतलं नाही. फरशीवरचा गोंद हळूहळू घट्ट होत चालला होता. वीस मिनिटांत तो वाया जाणार हे सुवैलमला दिसत होतं, पण तो उठला नाही. तिसरी वाटी रिकामी झाली तेव्हा गोंदात रुतलेली काडी हालत नव्हती.

"तुझा माल सुकवला मी," हुमैद म्हणाला.

"दुसरा कालवेन, अबू सैफ. माल आहे."

हुमैद उठला. त्यानं खिशात हात घातला आणि कुपी बाहेर काढली. "मी बैठकीत बोललो ते लागलं असेल तुला," तो म्हणाला. "जनावर गेल्याचं दुःख होतं, तोंडातून गेलं. चूक तू कबूल केलीस, विषय संपला. आण हात."

त्यानं कुपीचं बूच काढलं. केशराचा वास दुकानभर झाला. कापडावर पुसलेले पत्रे चकचकत होते.

दिलजमाईला आलेल्या माणसाचं अत्तर नाकारणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. आणि घेणं म्हणजे आणखी एक स्वार, आणखी एक सांडणी. सुवैलमचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. हुमैदच्या कपाळावर आठी उमटली. कुपी तशीच हवेत राहिली. मग सुवैलम एक पाऊल पुढे आला आणि त्यानं मान वर केली. त्याच्या दिशदाशाच्या, त्या पायघोळ अंगरख्याच्या गळ्याशी छातीवर लोंबणारा गोंडा होता, तिथल्या प्रत्येक पुरुषाच्या गळ्याशी असतो तसा. जुनी माणसं अत्तर त्या गोंड्यालाच लावत.

"हात कामात आहेत, अबू सैफ," तो म्हणाला. "इथं लावा. इथं दिवसभर राहील, माझ्या नाकाखाली."

हुमैदनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग दोन बोटांत गोंडा धरला आणि हळुवारपणे अत्तरानं भिजवला. आपल्या वडिलांचं अत्तर असंच असायचं, गोंड्याला, असं काहीतरी पुटपुटला. जायला वळला तेव्हा बाकावरच्या पट्ट्यांकडे त्याचं लक्ष गेलं, दोन घट्ट चिकटलेल्या, दोन सुटलेल्या. हे कशाचं, असं त्यानं विचारलं. गोंद पारखून बघत होतो, असं सुवैलम म्हणाला. हुमैदनं सुटलेल्यांपैकी एक सहज उचलली आणि सवयीनं नाकाशी नेली. बिदियात नावाजलेलं ते नाक. गोंदाला गुलाबाच्या अत्तराचा वास होता. मग त्यानं पट्टी जिथं होती तिथं, जशी होती तशी ठेवली, पुसलेल्या पत्र्यांकडे एकदा पाहिलं, सुवैलमच्या हातांकडे पाहिलं, आणि थर्मास विसरून निघून गेला.

सुवैलमनं नवा गोंद घोटला. रिव्हेट एक एक करून गोंदात बुडवले आणि आठ वेळा टक् झालं. टायरवाल्यानं चहाचा पेला हातात धरून मोजले.

शर्यतीच्या सकाळी धुकं होतं. उम्म गानिमनं सुवैलमला पिकअपच्या मागच्या सीटवर बसवलं आणि सांगितलं की सुटला तर तूच उडी मारून धर. सांडण्या सुटल्या तशी गाडी त्यांच्या बरोबरीनं धावू लागली. म्हातारी एका हातानं चाक सांभाळत दुसऱ्या हातानं वायरलेस तोंडाशी धरून बोलत होती, लाडानं, रागानं, शिव्या घालत, लहानपणीची नावं घेत. तिचा आवाज सुवैलमला दोनदा ऐकू येत होता, एकदा पुढच्या सीटवरून आणि एकदा धुक्यातून, समहाच्या पाठीवरून. समहा पुढे आहे की मागे, हे त्यानं पाहिलंच नाही. हिरव्या जाकिटाखालची सांध्याची बोटभर पट्टी, तेवढीच त्याची शर्यत होती. जाकीट वाऱ्यानं फडफडत होतं, चाबूक फिरत होता, आणि स्वार खोगिरावर ताठ बसला होता, मोठा नट सिंहासनावर बसतो तसा. पाच किलोमीटर तो तसूभर हलला नाही.

समहा तिसरी आली. म्हातारीला ते फारसं रुचलं नाही आणि तिनं ते सांडणीला तोंडावर सांगितलं.

नंतर तंबूत सगळे जमले. भात झाला, मांस झालं, हात धुऊन झाले, धुरी फिरली. शेवटी हुमैद कुपी घेऊन उठला. त्या दिवशी यजमान तोच होता. रांगेनं एकेकाच्या तळहातावर तो अत्तर लावत चालला. सुवैलम शेवटच्या टोकाला बसला होता. त्याचं काम झालं होतं, पुढे काही जोडायचं नव्हतं. हुमैद समोर आला तसा त्यानं निर्धास्तपणे उजवा हात पुढे केला.

हुमैदनं तो हात आपल्या डाव्या हातानं अलगद खाली केला. मग वाकून, सगळ्यांसमोर, त्याचा गोंडा बोटांत धरला आणि त्याला अत्तर लावलं.

"या हाताला मी आता काही लावणार नाही," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण तंबू लहान होता. "गोंद यानं वाचवला नव्हता. ते मी चुकीचं बोललो होतो."

हुमैदनं जास्त सांगितलं नाही आणि सुवैलमनं तर नाहीच. टायरवाला तेवढा कॉफीच्या वाटीत बघत बसला. आठवडाभरात परत नेलेली कामं एकेक करून पुन्हा आली. सगळ्यांत शेवटी हुमैद आला, जाफरानाच्या बहिणीसाठी. बाकावर बसायच्या आधी त्यानं स्वतःचे हात साबणानं धुतले आणि कोरडे करून बाजूला बसला.

आजही बिदियात कुणाच्या घरी बसणं-उठणं झालं आणि अत्तर फिरलं, की सुवैलमपाशी आल्यावर कुपी हात सोडून गळ्याशी जाते. लग्न असो, ईद असो, तो कामावर असो वा नसो. नवी माणसं त्याला त्याची लहर समजतात. तो मान वर करतो, गोंडा पुढे करतो आणि हात मांडीवर तसेच राहू देतो.